मनुबाईची नणंद

अंजनी निपाणीहून माहेरी परत आली ती बैलगाडीतून. गाडी दारात थांबली तरी ती बराच वेळ खाली उतरली नाही. शहापुरातली विणकरांची ती गल्ली इतकी अरुंद, की गाडी आत शिरली की दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवरची माणसं गाडीत काय आहे ते बसल्या जागी बघत. त्या दिवशी बसलेली माणसंही उठून उभी राहिली होती.

मनुबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. अंजनी तिची एकुलती एक नणंद. मनुबाई वडगावहून सून होऊन या घरात आली, तेव्हा अंजनी परकर नेसणारी काटकुळी पोर होती. सकाळी गल्लीत मागाचं उभं सूत, म्हणजे ताणा, पसरून त्याला खळ लावायची वेळ झाली, की कुंचा घेऊन ती या टोकापासून त्या टोकाला पळायची, आणि तिच्या पळण्याला घरातलं कुणी पुरायचं नाही. आता गाडीत बसलेली बाई मनुबाईला आधी ओळखूच आली नाही. चेहरा तेवढा तोच होता. बाकी अंग दुसऱ्याच कुणाचं असावं, आणि ते हिच्यावर आणून टाकलेलं असावं, तसं दिसत होतं.

"वैनी," अंजनी गाडीतूनच हळू म्हणाली, "आधी त्या लोकांस्नी जायला सांग. मग उतरते."

लोक गेले नाहीत. शेवटी मनुबाईच्या नवऱ्यानं, सिद्रामनं, घरातून एक मोठं लुगडं आणून गाडीला आडवं धरलं आणि त्याच्या आडून बहिणीला उतरवून घेतलं.

निपाणीत अंजनीचा नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला होता. पहिल्या बाळंतपणात मूल मेलेलंच जन्मलं आणि त्यानंतर तिचं अंग सुटायला लागलं. वैद्य म्हणाला वात आहे, डॉक्टर म्हणाला आतल्या कसल्याशा गाठीचा दोष आहे. औषधं झाली, नवस झाले, अंग वाढतच राहिलं. ती सासूपेक्षा कमी जेवायची, पण यावर कुणाचा विश्वास बसला नाही. मग सासरच्यांनी "चार दिवस माहेरी जाऊन ये" म्हणून तिला गाडीत बसवून दिलं, आणि पुन्हा न्यायला कुणी आलं नाही.

मनुबाई देवमाणूस होती असं पुढं गल्लीतले लोक म्हणायचे. सुरुवातीला ती काही देवमाणूस नव्हती. घर लहान. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, मागं चूल आणि मोरी, आणि मधल्या जागेत आता अंजनीचं बाजलं. मनुबाईला मूलबाळ नव्हतं. विहिरीवर बायका तिला म्हणायच्या, "देवानं लेकरू दिलं न्हाय, पण कडेवर घ्यायला नणंद दिली बघ." मनुबाई त्यांच्यासमोर हसायची आणि घरी येऊन घागर आपटायची.

अंजनी ते बघायची आणि सूत गुंडाळायचा राहाट जवळ ओढून कांड्या भरायला लागायची. तिचे हात मात्र पहिल्यासारखेच चपळ होते. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात घालायच्या या सुताच्या कांड्या ती इतक्या झरझर भरायची, की सिद्रामचा माग कधी सुताविना थांबला नाही. बोलायलाही ती तिखट होती. एकदा समोरच्या घरातली म्हातारी दारातून वाकून बघत राहिली, तेव्हा अंजनी म्हणाली, "आत या की मावशी. लांबून अर्धीच दिसते मी."

आधी ती भिंत धरून, मनुबाईच्या खांद्यावर हात टाकून मोरीपर्यंत जायची. मग गुडघे गेले. त्यानंतर तिला उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची, हे सगळं घरच्यांवर आलं. सिद्राम एका बाजूनं आणि मनुबाई दुसऱ्या बाजूनं तिच्या काखेत हात घालायचे आणि सगळा जोर लावून ओढायचे. पोतं ओढतात तसं. याहून वेगळं काही करता येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अंजनीच्या दंडांवर काळेनिळे वळ उठायचे, खांदे रात्रंदिवस ठणकायचे. ती ओठ मिटून घ्यायची.

"वन्सं, जरा अंग उचला की," मनुबाई करवादायची.

"उचलता आलं असतं तर तुला कशाला हाक मारली असती गं?"

एका श्रावणातल्या सकाळी सिद्राम सूत आणायला पेठेत गेला होता. शेजारचा यल्लाप्पा, जो एरवी हाकेला धावून यायचा, तोही घरी नव्हता. अंजनीला विधीसाठी मोरीकडच्या लाकडी चौरंगावर जायचं होतं. ती थोडा वेळ थांबायला तयार होती.

"अण्णा येऊ दे, वैनी. दम धरते मी."

पण मनुबाईच्या चुलीवर डाळ होती, बाहेर वाळवण होतं, आणि मनात सकाळपासून विहिरीवर ऐकलेलं काहीतरी खदखदत होतं. "किती वेळ बसू मी तुमच्यासाठी?" असं म्हणत तिनं अंजनीच्या काखेत हात घातले आणि एकटीनं ओढलं. अंजनी उठली, अर्धी उभी राहिली. पावसाळी हवेनं शेणानं सारवलेली जमीन निसरडी झाली होती. तिचा पाय सरकला. मनुबाईला त्याच क्षणी हात सोडता आले असते. तिनं सोडले नाहीत. उलट तिनं मिठीच मारली, आणि दोघी एकमेकींसकट खाली आल्या. मनुबाईच्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तिला आपले पाय कळेनात. अंजनीचा पाय मांडीतून वाकडा झाला होता. दोघींच्या किंकाळ्यांनी गल्ली गोळा झाली.

अंजनीला दवाखान्यात न्यायचं ठरलं. सात-आठ माणसांनी तिला घोंगड्यात घातलं आणि कोपरे धरून बाहेर काढलं. कुणी आधी उचललं, कुणी मागून. एक म्हणाला डावीकडं, दुसरा म्हणाला थांब. उंबऱ्यावर घोंगडं फाटलं आणि मोडक्या पायासकट अंजनी उंबऱ्यावरच पडली. गर्दीत मागं कुणीतरी हसलं. एकजणच हसला असेल, पण अंजनीनं पदर तोंडावर ओढून घेतला तो दवाखान्यात पोचेपर्यंत काढला नाही.

बेळगुंदीचा रवळू त्या वेळी लाकडाची गाडी घेऊन गल्लीत आला होता. त्यानं गाडीतली लाकडं रस्त्यावर ओतली, खाली कडबा पसरला आणि आपली कांबळी अंजनीच्या अंगावर घातली. मग हसलेल्या माणसाकडं बघून म्हणाला, "तुझ्या घरात कोण पडलं तर सांगायला ये. मी बी हसायला येतो."

दवाखान्यात अंजनीसाठी दोन खाटा एकीला एक बांधाव्या लागल्या. शेजारच्या खाटेवर, पाठीखाली फळी घालून, मागोमाग आणलेली मनुबाई. दोघींनाही उठायची मनाई. दिवसच्या दिवस त्या छताकडं बघत पडून राहिल्या. एका दुपारी मनुबाई एकदम रडायला लागली.

"माझ्यामुळं झालं, वन्सं. तुम्ही थांब म्हणत हुता."

अंजनीनं मान तिच्याकडं वळवली. मग म्हणाली, "तू मला सोडलं न्हाईस. सोडलं असतंस तर तुझी कंबर वाचली असती." आणि खाटेच्या कडेवरून तिनं हात लांब केला. तो मनुबाईपर्यंत पोचला नाही, पण मनुबाईनंही आपला हात पुढं केला आणि बोटांना बोटं लागली. त्या दिवसापासून मनुबाई नणंदेला कधी वेडंवाकडं बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या वॉर्डात धारवाडकडची एक नर्स होती, एस्तेरबाई. सावळी, ठेंगणी, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत घसरणारी. अंजनीची कूस बदलायची वेळ आली की ती वॉर्डातल्या दोघातिघांना हाक मारायची, पण कुणाला लगेच हात लावू द्यायची नाही. आधी अंजनीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "अक्का, कुठं दुखतंय? कुठला हात तुमचा चालतोय? आता या बाजूला वळवणार हाय आम्ही, बरं का?" मग अंगाखाली घडी करून घातलेली जाड चादर दोन्ही बाजूंनी धरायची, गुडघे वाकवायचे, आणि सगळ्यांनी एकाच वेळी हळू सरकवायचं. उचलायचं नाही, सरकवायचं. दंडाला धरून ओढायचं नाही. वळवून झालं की पोटाच्या, छातीच्या वळ्यांमधली कातडी ती मऊ फडक्यानं पुसून कोरडी करायची आणि लाली दिसते का ते निरखून बघायची. इतकी वर्षं अंजनीला कुणी काही विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी एस्तेरबाईनं विचारलं तेव्हा तिनं नुसता आपला उजवा हात उचलून दाखवला.

सिद्राम रोज डबा घेऊन यायचा आणि दाराशी उभं राहून हे बघायचा. एस्तेरबाईला तो म्हणाला, "बाई, ही चादर एक दिवस फाटंल. आमचं घोंगडं फाटलं तसंच."

"फाटते की. म्हणून रोज बघून घेते मी. दुसरी न्हाय आमच्याकडं."

सिद्राम घरी गेला. मागावर चढवलेली साडी विणून झाली आणि त्यानं दुहेरी, तिहेरी पिळाचं जाडं सूत लावलं. शहापुरात नाजूक काठाच्या साड्या विणण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्या माणसानं एक रुंद, ओबडधोबड पट्टा विणला, आणि त्याच्या दोन्ही कडांना हातात मावतील असे फासे घातले. विणताना तो रडत होता असं यल्लाप्पानं पुढं सांगितलं.

दोघी घरी आल्या तेव्हा घर बदललेलं होतं. बाजलं जाऊन तिथं भक्कम लाकडी पलंग आला होता. त्याच्या पायांखाली दगड घालून तो कमरेएवढा उंच केलेला, म्हणजे कुणाला वाकायला नको. वर तुळईला जाड दोर बांधून त्याला लाकडाचा आडवा दांडा अडकवला होता. राहाट फिरवून अंजनीच्या हातांत बळ होतं. दांडा धरून ती स्वतःचं वरचं अंग थोडं उचलू शकायची. पट्टा कायम तिच्या अंगाखाली असायचा. सकाळ-संध्याकाळ सिद्राम, यल्लाप्पा, रवळू आणि आणखी एखादा शेजारी असे येऊन फासे धरायचे. रवळूची गाडी रोज सकाळी त्याच वेळी गल्लीतून जायची आणि तो बैल दारात उभे करून आत यायचा.

मनुबाईला आता वजन उचलता येत नव्हतं. वाकली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. ती लुगड्यावरून कंबर फडक्यानं घट्ट आवळून पलंगाच्या उशाशी उभी राहायची आणि सगळ्यांच्या हातापायांकडं बघायची. "यल्लाप्पा, गुडघा वाकवा. रवळूभावजी, तुमचा फासा सैल हाय." सगळे तयार झाले की गप्प होऊन अंजनीकडं बघायचे. ती दांडा धरायची, श्वास घ्यायची आणि म्हणायची, "आता." ती म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, असा त्या घराचा नेमच झाला.

एका थंडीच्या सकाळी तिनं एक मागणं मागितलं. गल्लीत ताणा पसरला होता, आणि आतून तिला फक्त माणसांच्या हाका ऐकू येत होत्या.

"अण्णा, मला खळ लावायचीय."

सिद्रामला ते जमेलसं वाटेना. पण रवळूनं मनावर घेतलं. त्यानं एका जाड फळीला गाडीच्या कामातली छोटी लाकडी चाकं ठोकली, वर पाठ टेकायला आधार केला. पट्ट्यावरून तिला फळीवर घेतलं, उंबऱ्यावर उतरती फळी टाकली आणि हळूहळू बाहेर आणलं. त्या दिवशीही गल्ली बघायला उभी होती. पण अंजनीनं पदर तोंडावर घेतला नाही. तिनं कुंचा खळीत बुडवला आणि ताण्यावरून फिरवला. रवळू फळी ढकलायचा, ती कुंचा फिरवायची, आणि ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती गेली. तिच्या कोपरापासून खळ गळत होती आणि ती हसत होती. समोरची म्हातारी डोळे पुसत होती. मनुबाईनं इतकी वर्षं ज्या बायकांचं बोलणं खाल्लं होतं, त्यातली एक पुढं होऊन म्हणाली, "उद्या आमचा ताणा हाय गं अंजा. येतीस का?"

अंजनी गेली. त्या थंडीत गल्लीतल्या कितीतरी ताण्यांना तिच्या हातची खळ लागली. मनुबाईच्या सगळ्या आयुष्यात सुखाचे म्हणावे असे दिवस तेवढेच.

मग ती जगभरची मोठी लढाई सुरू झाली. सुरुवातीला लढाई म्हणजे लष्कराच्या कँपातून जाणाऱ्या फौजी गाड्या, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. पण हळूहळू सूत मिळेनासं झालं. पेठेतून विणकर रिकाम्या हातानं परत यायला लागले. एकेका घरातला माग थांबला. ज्या गल्लीत दिवसभर धोट्यांचा आवाज असायचा, तिथं दुपारी कावळे ऐकू यायला लागले.

यल्लाप्पा बायकापोरं घेऊन निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेला. जाताना तो अंजनीच्या पलंगापाशी आला आणि पट्ट्याच्या फाशाला हात लावून उभा राहिला. रवळूची गाडी कँपात सामान ओढायला लागली. बेळगुंदीहून तो पहाटेच परस्पर तिकडं जायचा आणि गल्लीत येणं बंद झालं. सिद्रामनं शक्य होतं तोवर तग धरला. मग तोही इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला. गेला तो मान खाली घालूनच.

"महिन्याला येतो," तो म्हणाला. "तवर शेजारची येतीलच."

शेजारची आली. पहिले काही दिवस रोज आली. पण गल्लीत आता बाप्ये राहिले होते ते म्हातारे, किंवा कामाच्या शोधात दिवसभर फिरणारे. मनुबाई सकाळी कमरेला फडकं बांधून दारोदार जायची. "जरा हात लावायला येता का? वन्संची कूस बदलायचीय." कुणी म्हणायचं, "येतो, तू हो पुढं." कुणी म्हणायचं, "आज जमायचं न्हाय, उद्या बघू." कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला आपापल्या घरची चूल होती. मनुबाई परत येऊन पलंगाशी उभी राहायची आणि दाराकडं बघायची. कधी दोघं यायचे, आणि दोघांच्यानं काही होत नव्हतं. कधी कुणीच यायचं नाही.

एका दुपारी तिला राहवेना. तिनं पट्ट्याचा एक फासा तुळईच्या दोराला अडकवला, दुसरा स्वतःच्या हातात गुंडाळला आणि ओढायला सुरुवात केली. कमरेतून कळ निघाली आणि ती पलंगाच्या कडेवर ओणवी झाली.

"सोड," अंजनी म्हणाली.

"थोडं राहिलंय, वन्सं. तुम्ही दांडा धरा. म्हणा, आता म्हणा."

"न्हाय म्हणणार." अंजनीनं दांड्यावरचे हात काढून घेतले आणि पोटावर घट्ट बांधले. "वैनी, तू एकटीनं हात लावलास तर मी मोठ्यानं ओरडंन. गल्ली गोळा करीन. एकदा तुझी कंबर मोडली ती मोडली. आता तू पडलीस तर तुला कोण बघंल?"

"आणि तुम्हांला कोण बघंल?"

"मला काय झालंय? पडून तर हाय मी. काय दुखत न्हाय मला."

ते खोटं होतं. मनुबाईनं तिच्या पाठीखाली हात घालून चाचपलं तेव्हा बोटांना ओल लागली. बैठकीच्या हाडावर कातडी फुटली होती. एस्तेरबाईनं जी लाली रोज बघायला सांगितली होती, ती बघायला अंजनीला वळवायलाच माणसं नव्हती. मनुबाईला जेवढं पोचेल तेवढं तिनं कोमट पाण्यानं पुसलं, कापूस सारला, कडेनं मऊ चिंध्यांच्या उशा कोंबल्या. जखम खालच्या अंगाला वाढत राहिली.

त्याच दिवसांत अंजनी जेवताना म्हणायची, "तू तुझं जेवून घे जा, मी खाते सावकाश." ताट रिकामं व्हायचं. मनुबाईला वाटायचं, जेवण तरी जातंय. मग एकदा चादर सारखी करताना भिंतीकडच्या फटीतून वाळलेल्या भाकरीचे तुकडे खाली पडले. मनुबाई ते हातात घेऊन उभी राहिली.

"हे काय, वन्सं?"

अंजनीनं तोंड भिंतीकडं वळवलं. "म्हटलं, जरा हलकी झाले तर दोघांच्यानं तरी हलंन. सगळ्यांस्नी बोलवावं लागतंय तुला. दारोदार फिरतीस. ऐकू येतंय मला इथं, कोण काय म्हणतंय ते."

मनुबाई पलंगाच्या कडेला बसली. तिनं ताज्या भाकरीचा तुकडा मोडला, दुधात कुस्करला आणि नणंदेच्या तोंडाशी धरला. अंजनीनं तोंड उघडलं नाही. मनुबाईनं हात मागं घेतला नाही. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी अंजनीनं घास घेतला. पण आता उशीर झाला होता. संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला.

सिद्रामला निरोप गेला, तो मिळेल त्या मोटारीनं आला. त्यानं एस्तेरबाईला घरी आणलं. तिनं गल्लीतल्या माणसांना हाका मारून बोलावलं आणि अंजनीला वळवून जखम बघितली. तोवर ती हाडापर्यंत गेली होती. एस्तेरबाईनं ती धुतली, पट्टी बांधली, आणि बाहेर येऊन सिद्रामला सांगितलं ते मनुबाईला आतूनच कळलं, कारण सिद्राम मागाच्या खड्ड्याच्या काठावर खाली बसला तो उठलाच नाही.

अंजनी गेली ती भर दुपारी, तापातच. जाण्याआधी थोडा वेळ तिला शुद्ध आली होती. तिनं मनुबाईला विचारलं, "कंबर कशी हाय गं?"

"बरी हाय," मनुबाई म्हणाली.

"मग बस की खाली. उभी का?"

मनुबाई बसली, आणि बसल्या बसल्याच ते संपलं.

त्या संध्याकाळी गल्लीत माणसांना तोटा नव्हता. म्हातारे आले, कामाच्या शोधात फिरणारे आले, पलीकडच्या गल्लीतले, वडगावचे आले. कँपातलं काम टाकून रवळू गाडी घेऊन आला. मनुबाई कोपऱ्यात बसून बघत होती. एवढी माणसं कुठं होती, हे तिला कळेना. मग दोघांनी पुढं होऊन अंजनीच्या काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, आणि मनुबाई उठली.

"हात काढा," ती म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण माणसं थांबली. एक जाणता माणूस समजुतीनं म्हणाला, "मनुबाई, आता तिला काय दुखणार हाय?"

"मला दुखतंय," मनुबाई म्हणाली.

रवळूनं पट्टा नीट केला. ज्यानं त्यानं फासा धरला, गुडघे वाकवले आणि सवयीनं उशाकडं बघितलं. 'आता' म्हणणारी बोलणार नव्हती. तेव्हा सिद्रामनंच मान हलवली आणि अंजनीला हळूच सरकवून त्यांनी बाहेर न्यायला आणलेल्या फळ्यांवर घेतलं. उंबऱ्यावर एक धक्कासुद्धा बसला नाही.

नंतरची वर्षं मनुबाईनं कशी काढली ते सांगण्यासारखं फार नाही. सिद्राम इचलकरंजीला परत गेला आणि येत-जात राहिला. मनुबाई घरात एकटी असायची. वडगावात, होसुरात कुणाचा म्हातारा अर्धांगानं पडला, कुणाची सासू अंथरुणाला खिळली, की तिला बोलावणं यायचं. ती काठी टेकत जायची, कूस कशी बदलायची ते दाखवायची, आणि मग त्या घरातून निघून शेजारच्या दारात उभी राहायची. "तुमच्या भिंतीपलीकडं माणूस पडलंय. रोज सकाळी हात लावायला कोण येणार, सांगा." उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलत नसे. काही लोक तिला येताना बघून दार लोटून घ्यायला लागले. ती दारावर काठीनं ठोकायची. भांडखोर म्हातारी, असं तिकडं तिचं नाव झालं. म्हातारी म्हणण्याइतकं तिचं वय नव्हतं, पण पाठीत ती पार वाकली होती.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात यल्लाप्पा निपाणीहून कायमचा परत आला. तंबाखूच्या धुळीनं त्याची छाती भरली होती. घराचं कुलूप काढायच्याही आधी तो मनुबाईच्या कट्ट्यावर येऊन बसला आणि किती तरी वेळ खोकत राहिला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "मी गेलो नसतो तर."

मनुबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी असतो," तो पुन्हा म्हणाला, "आणि रवळू असता, तर अंजाक्का..."

"तुमच्या घरात लेकरं उपाशी हुती," मनुबाई म्हणाली. "न जाऊन काय करणार हुता?"

यल्लाप्पानं तोंडाला पंचा लावला. त्याचे खांदे हलत होते, ते खोकल्यानं की कशानं ते तिनं बघितलं नाही. ती भिंतीला धरून उठली.

"बसा," ती म्हणाली. "च्या टाकते."